फर्नेस सारखी बंद पडतेय? स्विच बदलण्याआधी पाणी शोधा

बाहेर उणे १५. बेसमेंटमधली फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, सुरू व्हायला बघते, छोट्या पंख्याची घरघर ऐकू येते, मग ‘टक्’ आणि शांतता. मिनिटभराने पुन्हा तेच. तीन-चार वेळा धडपड करून ती गप्प बसते आणि आतल्या सर्किट बोर्डवरचा बारीक दिवा ठरावीक वेळा लुकलुकत राहतो. फर्नेसच्या दारामागच्या तक्त्यात बघावं तर त्या लुकलुकण्याचा अर्थ लिहिलेला असतो : प्रेशर स्विच उघडा राहिलाय, म्हणजे धुराची ओढ तपासणारा स्विच जुळलेला नाही. बऱ्याच बोर्डांवर त्यासाठी ३ वेळा दिवा लुकलुकतो, काहींवर ३१ हा आकडा असतो.

हे वाचून लोक प्रेशर स्विच मागवतात, बसवतात, आणि दोन दिवसांनी रडगाणं पुन्हा सुरू. स्विच बहुतेक वेळा चांगलाच असतो. तो फक्त खरं सांगत असतो की आतून धूर नीट ओढला जात नाहीये. आणि चांगल्या चाललेल्या फर्नेसमध्ये थंडीत हे अचानक सुरू झालं, तर आधी संशय घ्यायचा तो अडलेल्या पाण्याचा.

गॅसच्या भट्टीत पाणी येतं कुठून?

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. १६ ग्रॅम मिथेन जळून ३६ ग्रॅम पाणी बनतं, म्हणजे जळणाऱ्या वायूच्या दुपटीहून जास्त वजनाचं. जुन्या, ८० टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये ही वाफ गरम धुराबरोबर पत्र्याच्या पाइपमधून थेट धुराड्यात जाते, घरात तिचा थेंबही दिसत नाही.

९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसमध्ये उष्णता घेणारा आणखी एक संच असतो, त्याला सेकंडरी हीट एक्स्चेंजर म्हणतात. तिथे धूर साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली आणला जातो, आणि भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटावं तसं धुरातलं पाणी सुटतं. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सोडली जाते, ती घराला मिळते. बिल कमी येतं ते यामुळे. अमेरिकेत अशा फर्नेस १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विकल्या जाताहेत. कॅनडात तर जुलै २०१९ पासून घरगुती गॅस फर्नेसला किमान ९५ टक्क्यांची अट आहे, त्यामुळे ब्रॅम्प्टनच्या नव्या घरात ही पाण्याची भानगड असणारच. टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात पत्र्याच्या धुराड्याची फर्नेस असेल, तर तिला हे पाणी बाहेर नेणारा ड्रेन नसतो. तिच्याखाली पाणी दिसलं तर प्रकरण वेगळं आहे आणि ते तंत्रज्ञालाच दाखवायला हवं. ओळखायची खूण सोपी : फर्नेसमधून पांढरा प्लॅस्टिकचा पाइप बाहेर जात असेल, तर ती पाणी काढणारी जात.

पाणी किती? ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस तासभर सलग चालली तर हिशेबाने सुमारे साडेतीन लिटर पाणी बनतं. त्यातलं काही वाफेच्या रूपाने बाहेर जातं, तरी दीड-दोन लिटर हाताशी येतं. कडाक्याच्या थंडीत दिवसाला बारा तास फर्नेस चालली, की अंघोळीच्या दीड-दोन बादल्या झाल्या. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये सुरळीत चाललेली फर्नेस जानेवारीत रडते : अर्धवट तुंबलेली नळी थोडं पाणी पचवते, पण बादलीभर पचवत नाही.

हे पाणी आंबट असतं. त्याचा पीएच साधारण ३ ते ४, संत्र्याच्या रसाच्या आसपास. म्हणून त्याच्या वाटेत तांबं किंवा लोखंड नको, प्लॅस्टिकच हवं. याबद्दल पुढे.

नाहणी ट्रॅप आठवा

आपल्याकडे बाथरूमच्या मोरीला नाहणी ट्रॅप असतो. त्याच्या वळणात थोडं पाणी कायम साचलेलं असतं आणि ते गटाराचा वास अडवतं. फर्नेसमध्येही तसाच एक ट्रॅप असतो, काळ्या किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकचा, हाताच्या पंजाएवढा डबा. त्याच्यावर मात्र दुहेरी काम आहे.

फर्नेसमधला छोटा पंखा, म्हणजे इन्ड्यूसर, हीट एक्स्चेंजरमधून धूर ओढतो. त्यामुळे पंख्याच्या अलीकडे, जिथे पाणी गोळा होतं त्या कलेक्टर बॉक्समध्ये, ओढ असते. पंख्याच्या पलीकडे, पांढऱ्या पाइपकडे, उलट दाब असतो. दोन्ही ठिकाणी पाणी जमतं आणि दोन्हीकडून वेगवेगळ्या नळ्या ट्रॅपला येतात. ट्रॅपमधलं पाणी दोन्ही बाजूंना बूच लावतं : ओढीच्या बाजूने बाहेरची हवा आत येऊ देत नाही, दाबाच्या बाजूने धूर घरात येऊ देत नाही. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर सगळं बिघडतं. म्हणून ट्रॅपला हात लावण्याआधी फोनने फोटो काढा, दोन-तीन कोनांतून.

ट्रॅप कोरडा पडला की ओढीच्या बाजूने हवा बुडबुडत वर येते आणि उतरणाऱ्या पाण्याला खाली येऊच देत नाही. स्ट्रॉने सरबत ओढत असताना ग्लासातलं सरबत वर चढतं, खाली उतरत नाही, तसंच. फर्नेस सुरू असताना आतून गुळगुळ आवाज येतो तो हाच. दाबाच्या बाजूचा ट्रॅप कोरडा असेल तर धूर बेसमेंटमध्ये झिरपू शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. उन्हाळाभर फर्नेस बंद राहिली की ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. हंगामाच्या सुरुवातीला त्यात कपभर पाणी ओतून ठेवायला सांगतात ते याच कारणाने.

प्रेशर स्विच इतका नाजूक का?

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी इन्ड्यूसर फिरतो. त्याने पुरेशी ओढ तयार केली की प्रेशर स्विचमधला रबरी पडदा सरकतो आणि स्विच जुळतो. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत लागते, आणि अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर गरम हवा घरभर पाठवतो. स्विच जुळला नाही तर गॅस उघडतच नाही.

ही ओढ मोजतात पाण्याच्या इंचांत, आणि तो आकडा असतो इंच-दोन इंचांच्या घरातला. म्हणजे कलेक्टर बॉक्सपासून स्विचपर्यंत जाणाऱ्या बारीक रबरी नळीच्या लोंबत्या भागात बोटाच्या पेराएवढं पाणी अडकलं, तरी स्विचला ओढ पुरेशी कळत नाही. कलेक्टर बॉक्समध्ये पाणी चढून त्या नळीचं भोक बुडालं, तरी तेच.

आणि यातच सगळ्यात वैताग देणाऱ्या वागण्याचं उत्तर आहे. फर्नेस रात्री बंद पडते, तुम्ही सकाळी तंत्रज्ञ बोलावता, तो येतो आणि ती शहाण्यासारखी चालते. घडलेलं असं असतं : ट्रॅप पूर्ण नाही, अर्धवट तुंबलेला आहे. फर्नेस तासभर चालते, पाणी हळूहळू चढतं, भोक बुडतं, स्विच सुटतो. बंद असताना तेच पाणी थेंब थेंब उतरतं, भोक मोकळं होतं. अशा फर्नेसवर दहा मिनिटांची चाचणी काही उपयोगाची नाही. तिला सलग अर्धा-पाऊण तास चालवून बघावं लागतं.

आधी चोर ओळखा

फर्नेसच्या पायाशी पाणी दिसलं म्हणजे ते फर्नेसचंच असेल असं नाही. जुलैमध्ये पाणी आलं तर ते वर बसवलेल्या एसीच्या कॉइलचं. हिवाळ्यात आलं आणि बाजूला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, असेल, तर त्याचा पाण्याचा नळ एक दिवस बंद ठेवा. ओल थांबली तर चोर सापडला. फर्नेसच्या आसपासची जमीन पुसून कोरडी करा, कोरडे पेपर नॅपकिन इकडेतिकडे ठेवा आणि फर्नेस चालवा. पहिला कुठला भिजतो ते बघा. साधा उपाय आहे, पण तर्कवितर्कापेक्षा बरा.

कंडेन्सेट पंप, म्हणजे फर्नेसचं पाणी ड्रेनपर्यंत ढकलणारा पंप, असेल तर त्याच्याकडे सगळ्यात आधी बघा, कारण तो उघड्यावर असतो आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. पंप म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी टाकी, वर मोटर, आत तरंगणारा फ्लोट. जिथे फर्नेस ड्रेनपेक्षा खाली आहे किंवा ड्रेन लांब आहे, तिथे तो लागतो. पहिलं : त्याच्या प्लगला वीज आहे का? बेसमेंटचा सॉकेट बहुधा जीएफसीआय, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा, असतो आणि तो कधीतरी उडालेला असतो. त्याचं रिसेट बटण दाबलं की प्रकरण संपलं, असं वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. दुसरं : टाकीत मगाने पाणी ओता. ठरावीक पातळीला मोटर गुणगुणली पाहिजे आणि पाणी नळीतून वर चढलं पाहिजे. मोटर फिरते पण पाणी जात नाही, तर बाहेरची बारीक नळी मुडपलेली किंवा बुळबुळीत थराने भरलेली असते, नाहीतर पंपाच्या तोंडाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह चिकटलेला असतो. मोटर फिरतच नाही तर फ्लोट शेवाळात अडकलाय का बघा. प्लग काढून टाकी उपसा आणि भांडी घासायच्या साबणाने धुवा. बऱ्याच पंपांना सुरक्षेचा स्विच असतो. टाकी काठोकाठ भरली की तो थर्मोस्टॅटची वायर तोडून फर्नेस थांबवतो. तेव्हा बोर्डवर कुठलाही दोष दिसत नाही आणि माणूस थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलत बसतो.

ट्रॅप साफ करणं

थर्मोस्टॅट बंद. फर्नेसच्या बाजूला घरातल्या दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, तोही बंद. गॅसच्या पिवळ्या नळीवरचा दांडा पाव वळसा फिरवून नळीला आडवा करा. आता दार काढा. खाली जुने टॉवेल आणि उथळ भांडं ठेवा, कारण ट्रॅप सुटताच त्यातलं पाणी तुमच्या मनगटावर येणार. हातमोजे घाला.

नळ्यांना बहुधा स्प्रिंगचे क्लॅम्प असतात. पकडीने त्यांचे कान दाबायचे, क्लॅम्प मागे सरकवायचा, मग नळी पिळत पिळत ओढायची. सरळ खेचली तर प्लॅस्टिकचं तोंडच तुटतं, आणि तो भाग शनिवारी संध्याकाळी कुठल्याही दुकानात मिळत नाही. ट्रॅप काढून सिंकमध्ये कोमट पाण्याखाली धरा. आतून जे निघतं ते बघण्यासारखं असतं : करडी-तपकिरी जेली, साबुदाण्याच्या खळीसारखी, तिच्यात गंजाचे कण आणि कधी प्लॅस्टिकचे कारखान्यातले कीस. बाळाची बाटली घासायच्या ब्रशने आतले कप्पे घासा, एकेका तोंडातून पाणी घालून ते दुसरीकडून धो-धो येतं का बघा. हट्टी थराला पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा.

ब्लीच नको. त्याची वाफ स्टेनलेस स्टीललाही खाते आणि हीट एक्स्चेंजर त्याचाच असतो. शिवाय आंबट पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. सिंक मोकळं करायची रसायनंही नकोत, आणि उकळतं पाणीही नको, प्लॅस्टिक वाकडं होतं.

ट्रॅप बाहेर आहे तोवर कलेक्टर बॉक्सच्या तोंडातली भोकं बघा. सरळ केलेली पेपरक्लिप हलक्या हाताने फिरवा, गाळ सुटेल. प्रेशर स्विचची रबरी नळी बॉक्सकडच्या आणि स्विचकडच्या अशा दोन्ही टोकांनी काढा, झटकून पाणी काढा, चिरलेली नाही ना ते बघा. स्विचला जोडलेल्या नळीत तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने हवा मारायची नाही. आतला पडदा फाटतो आणि मग खरोखरच नवा स्विच लागतो. पुढची ड्रेनची नळी साफ करायला ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम क्लीनर, म्हणजे शॉप व्हॅक, तिच्या शेवटच्या टोकाला लावा, सांध्याभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि दोन-तीन मिनिटं ओढू द्या.

परत बसवताना फोटो समोर ठेवा. ट्रॅपमध्ये पाणी भरा, नळ्या घट्ट बसवा, गॅस आणि वीज चालू करा. पंधरा मिनिटांत ड्रेनच्या टोकाला थेंब पडायला लागले पाहिजेत. मग तिला पाऊण तास चालू द्या आणि तेवढा वेळ जवळपास राहा.

ट्रॅप स्वच्छ, तरी तेच

दोष ट्रॅपच्या आधी आहे की नंतर, हे कळायला सोपी युक्ती आहे. वीज बंद करून ट्रॅपमधून बाहेर जाणारी नळी, फक्त तीच, सोडवून बादलीत सोडा. आत येणाऱ्या नळ्या जागच्या जागी राहू द्या, म्हणजे पाण्याचं बूच कायम राहतं. आता फर्नेस नीट चालली आणि बादलीत पाणी आलं, तर अडथळा पुढच्या पाइपमध्ये आहे.

पुढच्या पाइपमध्ये दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, लोंबलेली नळी. तिच्या झोळात पाणी साचतं, म्हणजे नको असलेला दुसरा ट्रॅप तयार होतो आणि दोन ट्रॅपमध्ये कोंडलेली हवा पाणी अडवते. उतार सलग हवा. दोन, ट्रॅपनंतर वर तोंड करून उभा असलेला उघडा पाइप, ज्यातून हवा आत-बाहेर होते. तिथून पाणी सांडेल म्हणून कोणीतरी त्यावर टोपी बसवलेली असते. ती काढा.

एक चूक मात्र चटकन डोळ्यात भरत नाही. एसीच्या कॉइलचा ड्रेन आणि फर्नेसचा ड्रेन एकाच पाइपला जोडलेले असतात. कॉइल ब्लोअरच्या दाबाच्या बाजूला बसते, त्यामुळे तिचा स्वतःचा ट्रॅप नसेल किंवा हिवाळ्यात वाळला असेल, तर ब्लोअर त्या पाइपमधून हवा मारतो आणि फर्नेसचं पाणी मागे ढकलतो. लक्षण अगदी ठळक : ज्योत नीट लागते, मोठा ब्लोअर सुरू होतो, आणि थोड्या वेळात गुळगुळ होऊन सगळं बंद. हे दिसलं तर जोडणी उघड्या पाइपच्या पुढे न्यायची, किंवा तात्पुरतं एसीच्या ट्रॅपमध्ये पाणी ओतून बघायचं.

पांढऱ्या धुराच्या पाइपकडेही मान वर करून बघा. तो फर्नेसकडे उतरता हवा, फुटाला पाव इंच, म्हणजे १० फुटांत अडीच इंच. आधाराच्या पट्ट्या निसटल्या की मध्ये पोट सुटतं, तिथे पाणी साचतं आणि धुराची वाट अरुंद होते. पाइपला खालून टिचकी मारली तर भरलेला आवाज येतो. त्यावर नवी पट्टी हाच इलाज.

ड्रेनचा पाइप गॅरेजमधून, पोटमाळ्यावरून किंवा भिंतीबाहेर जात असेल तर तो गोठतो. फर्नेस थेंब थेंब पाणी सोडते, वाहतं राहण्याइतका ओघ नसतो, म्हणून बाहेरचे शेवटचे काही इंच आधी बर्फ होतात. हेअर ड्रायर किंवा कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पुरतं. ब्लोटॉर्चची ज्योत लावायची नाही. पुढच्या हिवाळ्याआधी पाइपला गरम राहणारी केबल गुंडाळा किंवा, त्याहून बरं, पाणी घरातल्याच फ्लोअर ड्रेनला न्या.

इथे थांबायचं

प्रेशर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून फर्नेस चालवायची युक्ती इंटरनेटवर फिरते. करू नका. धूर बाहेर जातो की नाही हे बघणारी ती एकमेव नजर आहे, आणि ती तुम्ही मिटता. कलेक्टर बॉक्सला चीर, इन्ड्यूसरच्या गॅस्केटमधून ओल, सेकंडरी हीट एक्स्चेंजरमधून गंजाचं पाणी, सगळं साफ करूनही परत बंद पडणं, यापैकी काहीही दिसलं तर तंत्रज्ञ बोलवा आणि ‘स्विच खराब आहे’ असं सांगण्याऐवजी काय काय तपासलं ते सांगा. त्याचा तास वाचेल आणि तुमचे डॉलर. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर सगळ्यांना घेऊन आधी घराबाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

राहिली आंबट पाण्याची गोष्ट. ड्रेन जुन्या बिडाच्या पाइपला जात असेल किंवा घराला सेप्टिक टाकी असेल, तर वाटेत न्यूट्रलायझर हवा. ती प्लॅस्टिकची नळकांडी असते, आत चुनखडीचे खडे. पाणी त्यांच्यावरून जाताना आम्लता मरते आणि खडे झिजतात. वर्षातून एकदा, ट्रॅप धुवाल त्याच दिवशी, झाकण उघडून बघा. खडे निम्म्यावर आले असतील तर नवे भरा. त्यांचा चिखल होऊन नळकांडी तुंबली, तर पाणी पुन्हा कलेक्टर बॉक्समध्ये चढतं आणि बोर्डवरचा दिवा लुकलुकू लागतो.